कुंकवाच्या पेटीतली चिल्लर

लहानपणी बरीच वर्षं मला वाटायचं की चिल्लर लालसरच असते.

आम्ही अत्तार. अब्बा आठवडी बाजारांत पाल लावायचे. ओतूर, बेल्हे, जुन्नर, आणि जत्रांच्या दिवसांत जिथे जत्रा तिथे. पालाखाली हळद, कुंकू, बुक्का, अष्टगंध, काळे मणी, करदोटे, सुया, फण्या, बिब्बे, नाड्यांची बंडलं. बायका कुंकवाचा रंग बघायला चिमूट उचलायच्या, मनगटावर ओढायच्या आणि मग त्याच बोटांनी पदराची गाठ सोडून पैसे काढायच्या. अब्बांचे हात तर सकाळी पहिली पुडी बांधल्यापासूनच लाल. रात्री पिंपरी पेंढारला घरी येऊन गल्ल्याचा डबा सतरंजीवर पालथा केला की नाणी लाल, सतरंजी लाल आणि मोजायला बसलेली आम्ही सहा भावंडंही लाल.

पुढे नोकरीला भोसरीत गेल्यावर, मुसलमानाच्या घरात एवढं कुंकू कसं, असं विचारणारे भेटले. आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. कुंकू अत्ताराकडूनच घेतात, पिढ्यान्‌पिढ्या. असो. सांगायचं आहे ते चिल्लरीबद्दल.

१९८९ साली मी पाचवीत होतो. पैसे मोजून झाले की नाण्यांच्या चळती लावायचं काम माझ्याकडे. दहा पैसे, वीस पैसे, चाराणे, आठाणे, रुपया. चळत लावताना कळायचं की एकाच किमतीची नाणी एकसारखी नाहीत. जुना रुपया जाडजूड, हाताला वजन लागणारा, नंतरचा हलका. दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं कातरलेल्या कडेचं नाणं फुंकर मारली तर उडेल असं, आणि त्याच्याच शेजारी नुकतं आलेलं स्टीलचं छोटंसं गोल. चाराण्यावर गेंडा आला होता. गेंडा मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदा पाहिला तो चाराण्यावर. एक गेंडा मी बाजूला काढून ठेवला. अब्बांनी पाहिलं.

"वो क्या निकाला?"

मी दाखवलं. ते रागावले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी जो नियम घालून दिला तो आजतागायत चालू आहे. गल्ल्यातले पैसे आपले नसतात. त्यातले पुण्याच्या रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याचे असतात, काही उधारीवाल्यांचे, काही बाजारकराचे, उरले तर आपले. म्हणून गल्ल्यातून नाणं उचलायचं तर तेवढेच पैसे स्वतःजवळचे त्यात टाकायचे. आणि नाणं विकत घ्यायचं नाही. फिरत फिरत हाताशी आलं तर आलं.

चाराण्याला तेव्हा लिमलेटच्या गोळ्या यायच्या. माझ्या संग्रहाची सुरुवातीची किंमत मी गोळ्यांतच दिली आहे. ईदी मिळाली की माझी चैन असायची, कारण बदली टाकायला सुट्टे पैसे यायचे. भावंडं बर्फाचा गोळा खायची आणि मी सतरंजीवर पालथा पडून सनावळ्या बघत बसायचो.

नाणी ठेवायला जागा मिळाली ती आजोबांची पेटी. सागवानी, आत कप्पे असलेली. त्यांच्या काळात ती डोक्यावर घेऊन ते गावोगाव कुंकू विकायचे. अब्बा पत्र्याचे डबे वापरायला लागल्यापासून ती फडताळावर पडून होती. कप्प्यांच्या कोपऱ्यांतलं कुंकू कितीही पुसलं तरी जात नव्हतं, अजून गेलेलं नाही. एकदा अम्मीने मला न विचारता सगळी नाणी चिंचेच्या पाण्यात टाकून राखेने घासली. लख्ख झाली, आणि ॲल्युमिनियमची काही कायमची डागाळली. नाण्याला कधीही घासू नये हे मी पुस्तकात वाचलं ते फार नंतर, शिकलो तेव्हाच.

दादी तोवर होती. ती अखेरपर्यंत आण्यांत हिशेब करायची. पंचाहत्तर पैसे हा शब्द तिच्या तोंडी नव्हता, बाराणे. तिच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ ला सरकारने रुपयाचे शंभर 'नये पैसे' केले. चाराण्याचे पंचवीस आणि आठाण्याचे पन्नास सरळ बसले, पण एका आण्याचे सव्वासहा. हा पाव पैसा कुणी सोडायचा यावरून बाजारात रोज कटकट व्हायची, असं ती सांगायची. "उसमें अत्तारकाच नुकसान," हे तिचं ठरलेलं वाक्य. नाण्यांवरचा 'नया' हा शब्द १९६४ साली गेला. दादीच्या बटव्यातून मला १९५७ चा तांबूस नया पैसा मिळाला, आणि तीन पैशांचं षटकोनी नाणंही. तीन पैशांचं नाणं १९६४ ला निघालं आणि सातेक वर्षांत छापायचं थांबलं. विकत घ्यायचं नाही हा नियम मोडला नव्हता. दादीचा बटवा हाही खिसाच, असं अब्बांनी कबूल केलं. बदलीचे चार पैसे मात्र द्यावे लागले. त्यासाठी दादीने माझ्याकडून पाच पैसे घेतले आणि एक पैसा परत द्यायला सुट्टा नाही म्हणाली.

पेटीचे कप्पे मी आधी किमतीप्रमाणे लावले होते. ते बदलले एका कंडक्टरमुळे. ओतूरच्या स्टँडवर गाडी लागायच्या वेळात ते अब्बांच्या पालाशी येऊन बसायचे. त्यांच्या चामडी बॅगेत जी चिल्लर असायची ती बघून मला हेवा वाटायचा. मी सनावळ्या बघतो हे कळल्यावर त्यांनी नुसतं सांगितलं, "सालाच्या खाली बघ."

बघितलं. काही नाण्यांवर सालाखाली बारीक चौकटीसारखा हिरा, काहींवर पाच टोकांचा तारा, काहींवर नुसतं टिंब, काहींवर काहीच नाही. हिरा म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचं नाणं, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं, आणि ज्यावर काही नाही ते कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ तेव्हा नवीच होती, १९८८ ला सुरू झालेली. म्हणजे आमच्या सतरंजीवर एक रुपया कोलकात्याहून आलेला, दुसरा हैदराबादच्या, मूळ निजामाने उभारलेल्या टांकसाळीतून. पिंपरी पेंढार कल्याण-नगर रस्त्यावर. माळशेज घाटातून उतरून कांदा, भाजी कल्याण-मुंबईला जाते, ट्रक परत येतात, आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता काटतो. चिल्लर कुठून कुठे जात असेल याचा मला तोपर्यंत अंदाज नव्हता. मी चार कप्पे केले, चार टांकसाळींचे.

नंतर पाचवा कप्पा करावा लागला. आपल्या टांकसाळींना मागणी पुरी पडली नाही तेव्हा सरकारने नाणी बाहेरून पाडून आणली आहेत. १९८५ चे काही रुपये इंग्लंडचे आहेत, सालापाशी 'एच' हे अक्षर असलेले. १९९७-९८ चे काही रुपये मेक्सिकोचे, 'एम'च्या माथ्यावर बारीक गोल. पाच रुपयांची १९९९ ची काही नाणी मॉस्कोची. मेक्सिकोचा रुपया मला बेल्ह्याच्या बैलबाजारात मिळाला, एका म्हाताऱ्या बाबांनी बैलासाठी गोंडे घेतले तेव्हा. मॉस्कोचा पाच रुपया आळेफाट्याच्या एका चहावाल्याने सुट्टे म्हणून परत दिला. त्याच्यापुढे दुसरे पाच रुपये ठेवताना माझा हात कापत होता, आणि त्याला काही कळलंच नाही.

कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर एवढंच पुरे आहे. खिसा रिकामा करायचा, साल बघायचं, सालाखाली बघायचं. चष्मा लागतो. पैसे लागत नाहीत, म्हणजे लागतात तेवढेच परत मिळतात.

दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं आठवतंय? त्याच्यावर भारताचा नकाशा आणि 'राष्ट्रीय एकता' असं लिहिलेलं असायचं. त्याच घाटाची, वेगवेगळ्या निमित्तांची नाणीही निघत. १९९३ च्या एकावर नवरा, बायको, एक मूल आणि 'छोटा परिवार सुखी परिवार'. ते घरी आलं तेव्हा आम्ही आठजण ताटावर बसलेलो. अब्बांनी ते नाणं अम्मीपुढे धरलं आणि म्हणाले, सरकारने आपल्याला चिठ्ठी पाठवली आहे, पण पोचायला उशीर झाला.

१९९९ ला छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं निघालं. शिवनेरी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे ते नाणं गल्ल्यात टिकायचं नाही. पोरं येऊन विचारायची, "चाचा, महाराजांचं आहे का?" असलं तर अब्बा देऊन टाकायचे, दोन रुपये घेऊन. १९९० च्या बाबासाहेबांच्या रुपयाचंही तसंच. बौद्धवाड्यातली एक आजी तो रुपया कुणाला देत नव्हती आणि आला तर तोच मागून घ्यायची. मी कुरकुर केली की ही नाणी माझ्या पेटीत प्रत्येक टांकसाळीचं एक तरी हवं. अब्बा म्हणाले, तुझी भरती होईल, त्यांचा माणूस आहे तो. २००२ ला संत तुकारामांचं नाणं आलं, तेही दोन रुपयांचं. ते मला पहिल्यांदा मिळालं ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत, श्रावणी सोमवारी, तांदळाच्या पिंडी बघायला लोटलेल्या गर्दीत. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरलाच आहे. त्यांचं नाणं त्यांच्या गुरूच्या गावात बुक्क्याने काळं होऊन आलं. ते मी पुसलेलं नाही.

त्या वर्षांतली एक गोष्ट मला फार दिवस सलत होती. मी सातवीत असेन. जुन्नरच्या बाजारात एका म्हातारीने कुंकवाची पुडी घेतली आणि चाचपडत दोन नाणी दिली. एक आठाणे होतं. दुसरं जाड, तांब्याचं, वेडंवाकडं. मी ते हातात घेतलं आणि छातीत धस्स झालं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. शिवराई. पुस्तकातल्या चित्राबाहेर मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. म्हातारी उठून चालायला लागली होती. मी खिशातून आठाणे काढून गल्ल्यात टाकले, नियमाप्रमाणे. अब्बांनी माझी मूठ उघडली, नाणं बघितलं आणि पाल माझ्यावर सोडून गर्दीत घुसले. परत आले तेव्हा हातात आठाणे होते. म्हातारीच्या देव्हाऱ्यातलं नाणं होतं ते, बटव्यात कसं आलं तिलाही माहीत नव्हतं.

मी रडलो. बदली टाकली होती, मग चूक काय? अब्बा म्हणाले, देणाऱ्याला माहीत नसेल काय दिलं, तर ते घेतलेलं नसतं. मॉस्कोचा पाच रुपया घेताना मला हे वाक्य आठवलं होतं, हे कबूल करतो. पण चहावाल्याला मी पाचाच्या जागी पाचच दिले होते आणि त्याचं देव्हाऱ्याशी काही नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती अजून पुरती पटलेली नाही.

त्या सुमारास अब्बांनी मला नाणेघाट दाखवला. जुन्नरहून घाटघरला एसटीने, पुढे चालत. कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी दगडाचा भलामोठा रांजण आहे. तो बघायला मी उतावीळ होतो, कारण नावातच नाणं. बरोबर आलेल्या गावकऱ्याने सांगितलं, कल्याणच्या बंदरातून माल घेऊन येणारे व्यापारी या रांजणात जकातीचं नाणं टाकत, हा जकातीचा रांजण.

मी अब्बांना हळूच विचारलं, "ये लोगां भी जकात देते थे?"

घरात जकात म्हणजे आम्हाला एकच माहीत. रमजानमध्ये मालाची, रोकडीची मोजदाद व्हायची. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक भरली तर अब्बा अडीच टक्के काढायचे. काही वर्षं भरायची, काही वर्षं नाही. नाक्यावरच्या जकातीचा शब्द आणि आमचा शब्द एकच आहे, अरबीतून आलेला, हे अब्बांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. ते हसले, म्हणाले, देत असतील, कुणाचं काय सांगावं. गुहेतल्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं होती, आम्हाला दोघांनाही न वाचता येणारी. सातवाहनांच्या नागनिका राणीचा तो लेख. यज्ञांत काय काय दान दिलं त्याची यादी, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण म्हणजे नाणी, आकड्यांसकट. दोन हजार वर्षांपूर्वीचा जमाखर्चच म्हणायचा.

त्याच सातवाहनांमधल्या गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. नहपानाच्या अमात्याचा लेख आमच्या जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाची नाणी त्याने वितळवली नाहीत, वरून शिक्का मारून चालू ठेवली. हे वाचलं तेव्हा मला आमचा गल्ला आठवला. कुणाचंही येवो, अब्बा कुंकवाचं बोट लावून पुढे पाठवायचे.

नाणेघाटाहून आल्यावर त्या रमजानला मी मुद्दा काढला की पेटीतली नाणीही रोकडच आहेत. मला वाटलं अब्बा म्हणतील, खेळ आहे तो. ते म्हणाले, बरोबर. तेव्हापासून पेटीची मोजदादही होऊ लागली. साल नाही, टांकसाळ नाही, फक्त दर्शनी किंमत. मेक्सिकोचा एक रुपया तो एकच रुपया. ३० जून २०११ नंतर चाराणे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने चलनातून काढली तेव्हा अब्बांनी ती हिशेबातून वगळली. अडतीस रुपये कमी झाले. त्यावर ते म्हणाले, सरकारने आपली जकात एका रुपयाने कमी केली. बँकेत जाऊन ती बदलून घ्यायची का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. गेंड्याचं पहिलं नाणं मी हातातून सोडलं नाही आणि चर्चा थांबली.

मग २०१६.

आठ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा गेल्या. तुळशीची लग्नं तोंडावर होती. अत्ताराच्या धंद्यात तो आठवडा मोठा. तुळशीला हिरव्या बांगड्या, काळे मणी, हळद-कुंकू, पाठोपाठ माणसांच्या लग्नांची खरेदी. त्या आठवड्याच्या बाजारात लोकांकडे पाचशेच्या जुन्या नोटा, नाहीतर कुठूनतरी मिळालेली शंभराची एकच नोट. वीस-तीस रुपयांचा माल, परत द्यायला सुट्टे नाहीत. जे कुणाकडे होते ते त्याने दाबून धरले. मी भोसरीत एटीएमच्या रांगेत होतो. शुक्रवारच्या नमाजानंतर अम्मीला फोन केला तर ती म्हणाली, तेरे अब्बाने पेटी खोली.

रविवारी घरी गेलो. पाच आणि दहा रुपयांची सगळी नाणी गेली होती, दोनांतली निम्मी. लोकमान्य टिळकांचा पाच रुपया, रिझर्व्ह बँकेच्या पंच्याहत्तर वर्षांचा दहा रुपया, मॉस्को. २०१४ चा बेगम अख्तर यांचा पाच रुपया, जो मला वर्षभर शोधून मिळाला होता आणि ज्याच्यावर कुंकवाचा एक ठिपका पडू दिला नव्हता. पेटीत एक चिठ्ठी होती, अब्बांच्या मोडक्या अक्षरात. 'पेटीतून रु. ११८५ उचलले.' खाली तारीख.

मी बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सदतीस वर्षांचा घोडा, दोन लेकरांचा बाप, बापावर आवाज चढवून बोललो. पंचवीस वर्षं जमवलेलं तुम्ही एका बाजारात वाटून टाकलं. तुम्हाला ठाऊक होतं ती काय आहेत. ते ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "पैसेच थे ना बेटा. पैसेके काम आए."

अम्मीने नंतर सांगितलं. एक बाई शंभराची नोट घेऊन चार पालं फिरून आली होती. तिला तीस रुपयांचं सामान हवं होतं, सत्तर परत कुणी देईना. ती चालायला लागली तेव्हा अब्बांनी माझ्या भावाला मोटरसायकलवर घरी पाठवून पेटी आणवली. पाल बंद करून घरी यावं लागलं असतं हेही खरंच. धंद्याचा आठवडा होता, व्यापाऱ्याचे पैसे अंगावर होते. धर्म किती आणि धंदा किती याचा हिशेब मी मांडत नाही, त्यांनीही मांडला नव्हता.

जानेवारीत त्यांनी पेटीत ११८५ रुपये ठेवले. पाचशेच्या दोन नव्या नोटा, शंभराची एक, पन्नासाची एक, वीस, दहा, आणि पाच रुपयांचं एक नाणं, नोएडाचं, साधं. बदली टाकली होती. मी त्या नोटा तीन महिने तशाच राहू दिल्या, रागाने. नाणी विकत घ्यायची नाहीत, मग त्या पैशांचं करायचं काय? शेवटी घरातल्या गॅसला गेल्या.

पुढच्या दोन वर्षांत एक गंमत झाली. दहा रुपयांचं नाणं खोटं आलंय अशी आवई उठली. रुपयाच्या चिन्हाचं खरं आणि बिनचिन्हाचं खोटं, दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, असं काहीही. बाजारात कुणी घेईना. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात. अब्बा पहिल्यापासून घेत होते. नाणं सरकारचं आहे, मी कोण नको म्हणणारा? त्यामुळे अख्ख्या बाजाराने नाकारलेली नाणी आमच्या पालावर येऊन पडायला लागली. घाऊकवाला ती घेत नव्हता, एका बँकेत मोजायला माणूस नव्हता, आणि घरात दहाच्या नाण्यांनी दुधाची बरणी भरली. मी चौदातले अकरा नमुने त्या बरणीतून वेचले, प्रत्येकी दहा रुपये टाकून. रिझर्व्ह बँकेचा दहा रुपयाही परत मिळाला. आधीचाच की दुसरा, सांगता येत नाही. बेगम अख्तर आल्या नाहीत.

मधल्या काळात मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागले, वैष्णोदेवीचं नाणं द्या आणि दहा लाख घ्या. गावातल्या एकाने तसं नाणं विकायला म्हणून नोंदणीचे पैसे भरले आणि घालवले. मग तो माझ्याकडे आला. मी त्याला सांगितलं, अशी नाणी लाखोंनी पाडलेली असतात, पाच रुपयांचं नाणं किराणा दुकानात पाच रुपयांना जातं, आणि रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुनी नाणी-नोटा खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही. त्याचा विश्वास बसला नाही. त्याला वाटतं माझ्या पेटीत करोड रुपये आहेत आणि मी लपवतोय.

आता पालावर भाऊ बसतो. कुंकवाच्या डब्यांवर क्यूआर कोडची पाटी टेकवलेली आहे आणि एक यंत्र वीस रुपये आल्याचं ओरडून सांगतं. बायकांच्या बोटाला कुंकू अजून लागतं, ते आता मोबाइलच्या काचेवर उमटतं. सबंध बाजारात दीड-दोनशे रुपयांची चिल्लर येते. पेटीत गेल्या वर्षभरात भर पडली ती सहा नाण्यांची, त्यातलं एक वीस रुपयांचं बारा कोनांचं.

गेल्या रमजानला मी सुट्टी घेऊन गावी होतो. संध्याकाळी इफ्तारला वेळ होता. रस्त्यापलीकडच्या उसात बिबट्या दिसला म्हणून पोरांना बाहेर सोडत नव्हते, तेव्हा माझी धाकटी पेटी घेऊन आजोबांपुढे बसली. अब्बांना आता सालं दिसत नाहीत, पण अंगठ्याने किंमत ओळखतात. ते सांगत गेले, ती मांडत गेली. बाद नाणी वेगळी. चिठ्ठी हातात आल्यावर तिने विचारलं, "दादा, ये कितनेकी?"

"फिटली वो. बाजू रख."

चलनातली दोनशे बारा रुपयांची भरली. तिने कागदावर अडीच टक्के काढले, पाच रुपये तीस पैसे.

"तीस पैसे कहाँसे लाऊँ?"

अब्बांनी चाचपडून पन्नास पैशांचं एक नाणं उचललं, सर्वांत लहान चालणारं नाणं आता तेच. सालाखाली हिरा आहे का तारा, ते मला विचारलं. तारा होता. हैदराबादचं आपल्याकडे अजून एक आहे का, म्हणाले. मी आहे म्हटलं. मग त्यांनी ते तिच्या हातात ठेवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पन्नास पैसे डाल पेटीमें."

माझ्या खिशात फक्त फोन होता.